अंधाराचेही जतन व्हावे

अविभाजित बंगालमधील जेसोर येथे सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र शालान्त प्रवेश परीक्षेत तीन वेळा अनुत्तीर्ण झाले होते. १८७८ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९१२ मध्ये तीन इंची दुर्बीण विकत घेतली आणि दिवसा खजिन्याचा व रात्री आकाशाचा हिशेब ठेवण्यास प्रारंभ केला. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक अनोळखी तारा त्यांच्या दृष्टीस पडला. आदल्या रात्रीपर्यंत तेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते आणि आता आकाशातील अत्यंत तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीत तो जाऊन बसला होता. हा नवतारा जगात इतरांनीही स्वतंत्रपणे पाहिला. परंतु जेसोरच्या या कर्मचाऱ्याने पाठविलेल्या नोंदी हार्वर्ड वेधशाळेतील तज्ज्ञांना इतक्या भरवशाच्या वाटल्या की, रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्या अमेरिकन संघटनेने त्यांना आपल्यात सामावून घेतले आणि १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण थेट जेसोरला पाठवून दिली. फाळणीनंतर घरदार सोडून ते बारासातला आले. निरीक्षण मात्र सुटले नाही. १९५४ पर्यंत त्यांनी त्या संघटनेकडे ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या होत्या. पुढे ती दुर्बीण वेणू बाप्पू यांच्याकडे, म्हणजेच स्वतंत्र भारतातील आधुनिक खगोलशास्त्राच्या शिल्पकाराकडे सुपूर्द झाली. राधागोविंद १९७५ मध्ये निवर्तले. आज हे नाव किती सुशिक्षित भारतीयांना ठाऊक असेल?

रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण हे काम तसे अगदी साधे आहे. ज्या ताऱ्याचे तेज कमी-जास्त होते, त्याची तुलना शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी करावयाची आणि अंदाजलेली प्रत वेळेसह वहीत लिहावयाची. एका रात्रीच्या नोंदीला काही मोल नाही. चाळीस वर्षांच्या नोंदींना आहे. मोठ्या वेधशाळांतील दुर्बिणींचा प्रत्येक तास आधीच वाटलेला असतो, त्यामुळे शेकडो ताऱ्यांवर अशी नित्य पाळत ठेवणे त्यांना शक्य होत नाही. ते काम जगभरातील शिक्षक, टपाल कर्मचारी, दुकानदार आणि गृहिणी करीत आले आहेत. २०१९च्या अखेरीस मृगातील काक्षी हा तांबूस तारा विलक्षण मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी झाले होते. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ आड आल्याने असे घडले, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. पण 'मंदावला' असे म्हणण्यासाठी पूर्वी तो कसा होता, हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते! जानेवारी १९९६ मध्ये जपानच्या युजी ह्याकुताके यांनी मोठ्या द्विनेत्रीतून धूमकेतू शोधला, तेही व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नव्हते.

महाराष्ट्रात या छंदाची परंपरा दीर्घ आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव भारतीय ज्योतिषशास्त्राच्या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथामुळे आदराने घेतले जाते. शिक्षकी करीत त्यांनी हा डोंगर उपसला. परंतु याच विद्वानाने सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' नावाचे पुस्तक लिहिले आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे जोडनाव दिले, हे अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. आकाश पाहणे ही प्रथम मौज आहे, हे या गणितज्ञाला ठाऊक होते. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातील सर्वांत जुनी संस्था होय. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, त्या सुमारास मुंबईत व इतरत्र अशी मंडळे उभी राहिली. अमावास्येजवळच्या शनिवारी शेवटची लोकल पकडून वांगणी-नेरळच्या माळावर रात्र जागविणाऱ्या मुंबईकरांच्या आता दोन पिढ्या झाल्या. त्यांच्यापैकी कित्येकांनी दुर्बिणीचे आरसे घरीच घासले आहेत. दोन जाड काचा एकावर एक ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून आठवडेच्या आठवडे घासत राहिले की, वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. मग तिला झिलई द्यावयाची, वक्रतेतील दोष शोधावयाचा, पुन्हा घासावयाचे. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक-चतुर्थांशाइतकी अचूकता स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी साधणारी ही माणसे त्याबद्दल फारसे बोलत नाहीत.

हा छंद केवळ काही मंडळांपुरता राहावा, असे आपल्या संस्कृतीत तरी अपेक्षित नाही. आपले सण तिथींवर चालतात. महिन्यांची नावे पौर्णिमेच्या चंद्राजवळील नक्षत्रांवरून पडली. खेड्यातील म्हातारी माणसे सप्तर्षींना बाजले म्हणून ओळखत आणि मृगाच्या तीन ताऱ्यांवरून रात्रीचा प्रहर सांगत. आज मराठी माणसाला मृग ठाऊक आहे तो पावसाचा. जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात असतो म्हणूनच ते त्या काळात दिसत नाही आणि पाहावयाचे तर डिसेंबर-जानेवारीत पाहावे लागते, हे सांगितल्यावर पुष्कळांना नवल वाटते. विवाहविधीत वधू-वरांना ध्रुव आणि अरुंधती दाखविण्याचा संस्कार आहे. वातानुकूलित कार्यालयात भर दुपारी गुरुजी छताकडे बोट करतात, वधू-वर माना डोलावतात आणि छायाचित्रकार तो क्षण टिपतो. वसिष्ठाशेजारची अंधूक अरुंधती खरोखर पाहिलेली जोडपी किती निघतील?

'आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते' असे अभिमानाने सांगण्याची अलीकडे चढाओढ असते. अभिमान असावा, पण तो कशाचा, हे पाहणे आवश्यक आहे. केरळचे परमेश्वर यांनी सुमारे ५५ वर्षे आकाशाचे वेध घेतले, आपल्या काळचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही हे मान्य केले आणि १४३१ मध्ये 'दृग्गणित' ही सुधारित पद्धती मांडली. ओडिशातील सामंत चंद्रशेखर यांनी एकोणिसाव्या शतकात लाकूड व बांबूची साधने स्वतः तयार करून केवळ डोळ्यांनी ग्रहांची स्थाने मोजली. डोळ्यांना जे दिसते त्यापुढे ग्रंथालाही दुरुस्त व्हावे लागते, ही आपली परंपरा आहे. तिचे गोडवे भाषणात गाणारे लोक वर्षातून एकदा तरी रात्री घराबाहेर येऊन मान वर करतात का, हा प्रश्न विचारला तर अनेकांची पंचाईत होईल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात उतरले. सारा देश पडद्यासमोर बसला होता. श्रावण शुद्ध सप्तमीचा अर्धा चंद्र त्या वेळी आकाशातच होता. श्रावणातील ढग जमेस धरले, तरी तो पाहावयास किती जण अंगणात आले असतील?

अर्थात सगळा दोष माणसांचा नाही. पाहावयास आकाशच उरलेले नाही. अंधाऱ्या माळावर चंद्र नसलेल्या रात्री एका वेळी २,५०० ते ३,००० तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुंबई-पुण्यात काही डझन दिसले तरी भाग्य. जगातील सुमारे एक-तृतीयांश माणसांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश-प्रदूषणाच्या नकाशाने दाखवून दिले. जमिनीवर पडावयाचा उजेड वर उधळला जातो, धुळीवर व बाष्पावर विखुरतो आणि आकाश दुधाळ होते. अलीकडच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांतील निळा अंश तर अधिकच विखुरतो. वीज वाचली म्हणून दिव्यांची संख्या वाढविण्यात आली, हा आपल्या नियोजनातील खास विनोद! वांगणीच्या क्षितिजावरही बदलापूरच्या बाजूची झळाळी वर्षागणिक उंच चढत आहे.

आणि येथे थोडे स्वतःच्या घरातही पाहावयास हवे. गडकिल्ल्यांवर रात्रभर प्रकाशझोत सोडणे, देवळाचे शिखर चहूबाजूंनी उजळणे, मिरवणुकीत आकाशात लेझरचे भाले फेकणे, यांस आपण भक्ती व अभिमान समजू लागलो आहोत. दीपोत्सवाची आपली कल्पना तेलाच्या पणतीची आहे, आणि ती आश्विन अमावास्येच्या अंधाराखेरीज शोभत नाही.

उपाय अवघड नाहीत, हे सिद्ध झालेले आहे. लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र घोषित झाले. तेथील गावकऱ्यांना दुर्बिणी व प्रशिक्षण देण्यात आले आणि पर्यटकांना आकाश दाखवून ते चार पैसे मिळवू लागले. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातील हे पहिलेच तारांगण-उद्यान. त्यासाठी तेथे कोणता मोठा प्रकल्प उभारावा लागला नाही. जंगलालगतच्या काही गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून, त्यांचा उजेड केवळ जमिनीकडे पडेल असे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, रस्तेही दिसतात. दिव्याला वरून झाकण बसविणे राज्यातील महापालिकांना परवडणारे नाही, असे निदान त्यांच्या विद्युत विभागातील कोणी अभियंता म्हणणार नाही.