आठवीनंतर मुले कुठे जातात?



जून महिना आला. घरोघरी दप्तरे, छत्र्या, वह्यांना खाकी कव्हरे घालायची घाई सुरू झाली. विहारात गुणगौरव समारंभाची यादीही तयार होऊ लागली. दहावी-बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलामुलींना पुष्पगुच्छ मिळतील, त्यांच्या आईवडिलांना व्यासपीठावर बोलावले जाईल. ते झालेच पाहिजे. पण यंदा आणखी एक यादी करावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या वस्तीतली किती मुले आठवी झाली आणि त्यातली किती खरोखर नववीत जाऊन बसली, याची ती यादी.

मुंबईचेच उदाहरण घ्या. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून चालतात. सकाळी एकाच नळावर पाणी भरणारी मुले तासाभराने वेगवेगळ्या भाषांच्या वर्गांत बसतात. शिक्षण मोफत, गणवेश-दप्तरापासून बुटांपर्यंत वस्तूही मिळतात. पण यातल्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत. मग हातात शाळा सोडल्याचा दाखला येतो आणि माध्यमिक शाळा शोधावी लागते. ती दूर असते. बसभाडे लागते, काही ठिकाणी फीही. तमिळ, तेलुगू, कन्नड शिकलेल्या मुलांपुढे तर आपल्या भाषेचा नववीचा वर्ग सापडेल का, हाच प्रश्न असतो. मुलांची गळती इथे होते.

कायदाही इथेच हात सोडतो. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत आहे. दुसरीकडे, बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, मात्र १४ ते १८ वयात फक्त धोक्याच्या कामांना बंदी आहे. म्हणजे १४ वर्षे पूर्ण झाली की शाळेची सक्ती संपते आणि कामाचे दार उघडते. नेमके त्याच वर्षी पोराला गॅरेजवाला बोलावतो. पहिला पगार घरात येतो, पेढे वाटले जातात. मुलीला आई म्हणते, "मी चार घरची धुणीभांडी करते, धाकट्याला कोण बघणार? एक वर्ष थांब." ते एक वर्ष सहसा संपत नाही.

माता-भगिनींनो, या एका वर्षाला जपा. त्यासाठी काही गोष्टी आताच करा.

दाखला घरात ठेवू नका, पहिल्या आठवड्यातच नववीचा प्रवेश घ्या. मुलगा आठवीच्या परीक्षेत नापास झाला असेल तर त्याला मारू नका, कामालाही लावू नका. त्याला पुनर्परीक्षेची संधी असते. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा त्याचे नाव काढू शकत नाही.

अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे. मुलींसाठी पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. रक्कम थोडी असेल, पण वह्यांचा खर्च निघतो. १९९० पासून केंद्राच्या सवलतीही बौद्धांना लागू आहेत, हे विसरू नका. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते यांची तयारी शाळा उघडतानाच करा. मुख्याध्यापकांना अर्जाची तारीख विचारायला लाजू नका.

ज्यांची शाळा सुटलीच आहे, त्यांच्यासाठी रात्रशाळा आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. दहावीत विषय राहिला तर पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही. २०१५ पासून त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते.

आता गुणगौरवाबद्दल. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या यादीत हे नाव आले असते का? पण तेव्हाच्या आपल्या माणसांनी टक्के मोजले नाहीत. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. हा मुलगा इथवर पोहोचला, याचाच तो सत्कार होता.

म्हणून यंदा नव्वद टक्केवाल्यांच्या शेजारी नववीत गेलेल्या मुलामुलींनाही उभे करा. त्यांना एक वही, एक पेन द्या. शेजारच्या तमिळ आणि उर्दू शाळेतल्या मुलांनाही बोलवा. त्यांच्या आयाही पहाटे त्याच नळावर उभ्या असतात. आणि जे नाव आठवीत होते पण नववीत दिसत नाही, त्या घरी मंडळाच्या दोन बायकांनी संध्याकाळी जाऊन यावे. भाषण करू नये. चहा घ्यावा आणि एवढेच विचारावे, "ताई, पोरीचा दाखला कुठे आहे?"