'दिसलं नाही' म्हणजे 'नॉर्मल' नव्हे

परवा बाबांच्या पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. पित्ताशय नॉर्मल. प्लीहा ११ सेंटीमीटर, नॉर्मल. स्वादुपिंड, म्हणजे पॅनक्रियाज, आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसलं नाही. घरात मात्र "सगळं नॉर्मल" म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी होते!

आमच्या धंद्यात 'टेस्ट पास झाली' आणि 'टेस्ट रनच झाली नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक. इथेही तसंच. उपाशीपोटी पित्ताशय पित्ताने भरलेलं असतं, द्रवातून ध्वनिलहरी आरामात जातात, म्हणून खडे चटकन दिसतात. स्वादुपिंड बिचारं जठरामागे दडलेलं, आणि गॅस मध्ये आला की लहरी तिथवर पोचतच नाहीत. मग कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय करावा लागतो.

म्हणून उठसूट सीटी काढा असं मी म्हणत नाहीये. त्यात रेडिएशन आहे, खर्चही आहे. पण पोटातलं दुखणं पाठीत जातंय, कारण नसताना वजन उतरतंय, तर त्या एका ओळीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचाराच.

बाबांचं वजन उतरलंय. सोमवारी आम्ही विचारणार आहोत.