आकडा खरा, निष्कर्ष घाईचा

संपादक महोदय,


रॅब्डोमायोसार्कोमावरील गेल्या अंकातला लेख वाचला. या मऊ ऊतींच्या कर्करोगात पाच वर्षांनी 61 टक्के मुलं हयात असतात, प्रौढ मात्र 27 टक्केच, ही अमेरिकी नोंदींची आकडेवारी खरी आहे. पण सगळा दोष वयाच्या माथी का? मिलानच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 2003 साली 171 प्रौढांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत पाच वर्षांचं जीवितप्रमाण एकूण 40 टक्के होतं. मुलांच्या उपचारपद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारे उपचार मिळालेल्यांत मात्र 61! हा मागे वळून घेतलेला आढावा. धडधाकट रुग्णांनाच पुरती केमोथेरपी झेपली असेल, हेही मान्य. प्रौढांतला प्लिओमॉर्फिक प्रकार तर औषधांना फारशी दाद देत नाही. तरीही ‘मोठ्यांना उपयोग नाही’ हा लेखाचा सूर पटत नाही.

आणि एक राहिलंच. अशा कर्करोगाची मांडीतली खोल, वाढती गाठ दुखत नाही म्हणून ‘चरबीची’ ठरते आणि एमआरआय, बायोप्सीआधीच कापली जाते. मग मागे राहिलेल्या पेशींसाठी पुन्हा शस्त्रक्रिया! वाचकहो, पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ आधी तपासून घ्या.

आपला,
एक वाचक