दिवाळीची रजा आणि परदेशची पाने

आमच्या येथील मंडळाच्या कोजागरीस मसाल्याचे दूध आटत होते, चांदणे स्वच्छ पडले होते आणि चर्चा चालली होती ती मात्र परदेशातील लाल पानांची! यंदाच्या दिवाळीत घरी न जाता जपानला अथवा अमेरिकेला 'पानगळ पाहावयास' जाण्याचा बेत दोघाचौघांनी पक्का केला होता. कार्यालयाची परवानगी, पारपत्र, विमानाची तिकिटे, सर्व सिद्ध होते. त्या दिवसांत तेथील पाने रंगलेली असतील की नाही, एवढीच चौकशी करावयाची राहिली होती!

परदेशप्रवासास आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो ऋतूचा कार्यक्रम सरकारी दौऱ्याप्रमाणे आखण्यास. साहेब येणार म्हणून कचेरीतील खुर्च्या पुसल्या जातील. झाडे मात्र आपले कोणतेही परिपत्रक वाचीत नाहीत.

थोडा घात शब्दानेही केला आहे. 'ऑटम' म्हणजे शरद, असे आपण शाळेत घोकले. परंतु 'ऋतुसंहारा'तील शरद काशफुलांचा आहे, गळत्या पानांचा नव्हे. आपली पानगळ शिशिरातली. तरीही आश्विन-कार्तिक आला म्हणजे जगभर पाने रंगली, असे आपण गृहीत धरतो.

दिवाळी चंद्राच्या गतीने येते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. झाडे चंद्राकडे पाहत नाहीत. दिवस आखूड होऊ लागला की पानांतील हरितद्रव्य ओसरते आणि आत दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलसारख्या झाडांत तांबडा रंग त्याच सुमारास नव्याने तयार होतो. दिवसा ऊन व रात्री गारवा असला की तो खुलतो. ही रंगांची लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली सरकते. होक्काइडोमधील दाइसेत्सुझान पर्वतावर ती सप्टेंबरातच दिसते. क्योटोस पोचावयास नोव्हेंबरचा उत्तरार्ध उजाडतो. अमेरिकेतील व्हरमाँटच्या उत्तर भागात सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरचा आरंभ हाच बहराचा काळ. म्हणजे २०२५ च्या दिवाळीत क्योटोस गेलेल्यास हिरवी पाने, आणि २०२३ च्या दिवाळीत व्हरमाँटला गेलेल्यास उघड्या फांद्या! यासाठी घरच्या देवापुढचा दिवा सोडावयाचा?

बरे, पाने मिळालीच तरी ती पाहण्याची आपली रीत कोणती? छायाचित्र काढावे आणि पुढच्या ठिकाणी धावावे. व्हरमाँटमधील पॉम्फ्रेट गावी एका खाजगी शेताचे छायाचित्र घेण्यासाठी एवढी झुंबड उडू लागली की २०२३ साली गावकऱ्यांना ऐन हंगामात तेथील रस्ते बाहेरच्यांस बंद करावे लागले. पाहुण्यांनी यजमानावर अशी पाळी आणावी, हे शोभणारे नव्हे.

कोणी म्हणेल, "मुलांची शाळा आणि आमची रजा यांचा मेळ दिवाळीतच बसतो, मग काय करावे?" अडचण खरी आहे. अशांनी गावाचे नाव आधी न ठरविता रजेच्या तारखेस कोठे रंग असेल ते आधी शोधावे. जपानात निक्को येथे चुझेन्जी सरोवर सुमारे १,२७० मीटर उंचीवर आहे. तेथे साधारणतः ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रंग भरतो आणि खालच्या गावात नोव्हेंबरच्या पूर्वार्धात. दिवाळी लवकर आली तर सरोवर पाहावे, उशिरा आली तर गाव. एकाच ठिकाणी चार दिवस मुक्काम ठेवावा, म्हणजे एखादा दिवस पावसात गेला तरी यात्रा फुकट जात नाही.

परंतु ज्यांना सवड आहे, त्यांस आमचे स्पष्ट सांगणे आहे : क्योटोसाठी नोव्हेंबरअखेरची रजा मागा, व्हरमाँटसाठी सप्टेंबरअखेरची. मागण्यास थोडे धैर्य लागेल, एवढेच. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला गावाकडची दिवाळी वर्षातून एकदाच येते, आणि तीही प्रत्येक वर्षी नव्हे. मेपलची पाने पुढल्या वर्षी पुन्हा रंगतील. पहाटे उटणे घेऊन वाट पाहणारे वडीलधारे हात तसे आश्वासन देऊ शकत नाहीत.