बोंडू मसुऱ्यात, फेणी गोव्यात

मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव मुंबईकरांना ठाऊक असते ते त्याच्या आंगणेवाडी या वाडीतल्या भराडीदेवीमुळे. जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते आणि ती जाहीर होताच कोकण रेल्वेच्या आरक्षणाची यादी भरते. जत्रा संपते, चाकरमानी परततात, पुढाऱ्यांच्या गाड्या निघून जातात आणि गड नदीच्या काठावरचे हे गाव पुन्हा आपल्या कामाला लागते. ते काम म्हणजे काजूचे. मार्चपासून मे अखेरपर्यंत झाडाखाली पडलेला बोंडू उचलायचा, बी पिळून वेगळी करायची, ती उन्हात वाळवून व्यापाऱ्याच्या काट्यावर घालायची. पिवळा-तांबडा, रसाने टचटचलेला बोंडू मात्र तिथेच सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो, तिसऱ्या दिवशी त्यावर चिलटे बसतात आणि आठवडाभरात त्याचे खत होते.

वजनाने बोंडू बीच्या पाच ते दहापट भरतो. म्हणजे शेतकरी ज्याचे पैसे करतो तो पिकाचा अगदी लहान हिस्सा, आणि मोठा हिस्सा मातीत जातो. तेथून मोटारीने दोनेक तास दक्षिणेला गेले की बांदा लागते, पलीकडे पत्रादेवी आणि गोवा. झाड तेच, पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले. माती तीच, हवाही तीच. तिथे मात्र बोंडू कुजत नाही. तो तुडवला जातो, त्याचा रस मातीच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवला जातो आणि त्याची फेणी होते. २००९ मध्ये या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय ठरवले आणि २०२१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र धोरण आले.

एका झाडाची ही दोन नशिबे निसर्गाने ठरवलेली नाहीत, ती कायद्याने ठरवलेली आहेत. मालवण हा ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि घरोघरच्या भट्ट्या, माडावरची ताडी, मोहाची दारू हे सारे सरकारी महसुलाच्या कक्षेत ओढले गेले. गावातले ऊर्ध्वपातन बंद करून ते ठेकेदारांच्या मोठ्या कारखान्यांत नेणे हा त्या कायद्याचा उघड हेतू होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने आले, परमिट रूम आल्या. पण गावातल्या छोट्या भट्टीला कायदेशीर जागा पुन्हा मिळाली नाही. जी उरली ती चोरून चालणारी हातभट्टी. पोर्तुगीज अमलात आणि नंतरही गोव्यातली भट्टी मात्र परवान्याने, उघड्यावर, बापाकडून मुलाकडे चालत राहिली. कसब उघड्यावर वाढते आणि चोरीत बिघडते. गोव्याकडे आज फेणी आहे आणि आपल्याकडे काळ्या गुळाची हातभट्टी, याचे कारण रक्तात किंवा संस्कृतीत शोधण्याची गरज नाही.

फेणीची कृती वरवर सोपी आहे. रसात पाणी नाही, साखर नाही, बाहेरून घातलेले यीस्टही नाही. तीन-चार दिवसांत रस आपोआप आंबतो. पहिल्या ऊर्ध्वपातनात मिळतो तो हुर्राक, सौम्य, पंधरा टक्क्यांच्या आसपासचा, आणि हंगामापुरताच मिळणारा. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची घालून गोव्यात तो उन्हाळाभर प्यायला जातो. हुर्राकात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केले की बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची फेणी उतरते. तिचा वास प्रथम नाकाला धक्का देतो, आणि अनेकांची मैत्री तिथेच तुटते. हा वास बोंडूचा आहे. फळाची ओळख बाटलीत टिकून राहणे, हेच तर जगभर चांगल्या मद्याचे लक्षण मानले जाते.

इथे आपल्या शहरी वाचकाने स्वतःच्या ग्लासाकडे एकदा नीट पाहावे. भारत हा आकारमानाने जगातला सर्वांत मोठा व्हिस्कीचा बाजार आहे. पण या व्हिस्कीचा मोठा भाग म्हणजे काय? साखर कारखान्याच्या मळीपासून किंवा धान्यापासून जवळपास शुद्ध, वासरहित मद्यार्क काढायचा. त्याला धंद्यात 'ई.एन.ए.' म्हणतात. त्यात थोडे माल्ट, क्वचित थोडे स्कॉच, रंगासाठी कॅरॅमल आणि चवीसाठी सुगंधी द्रव्य मिसळायचे. मळीपासून केलेल्या अशा द्रवाला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मळीच्या मद्यार्काचे खरे कूळ रमचे. सोलापूर-कोल्हापूरच्या उसाला स्कॉटलंडचा वेष चढवला जातो आणि आपण त्याला 'विदेशी' म्हणतो. सिंधुदुर्गातल्या फळाचे जे होईल ते मात्र 'देशी'! महाराष्ट्राच्या अबकारी शब्दकोशातला हा विनोद गेली कित्येक दशके कोणालाही हसू न येता चालू आहे.

निवड कशी करावी, असे वाचक नेहमी विचारतात. किमतीकडे आणि खोक्याकडे पाहण्याआधी लेबलावरचे चार शब्द वाचावेत. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. 'ब्लेंडेड स्कॉच' म्हणजे माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कींचे मिश्रण, पण स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिपात किमान तीन वर्षे मुरलेले. नुसते 'ब्लेंडेड व्हिस्की' असले तर मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचावा. तिथे 'न्यूट्रल स्पिरिट' सापडले की काय पितो आहोत ते कळते. बाटलीवर बारा वर्षे लिहिले असेल तर आतला सर्वांत कोवळा थेंबही बारा वर्षांचा असायला हवा. वर्षांचा आकडा नसेल तर बाटली वाईट, असेही नाही.

हे शेवटचे वाक्य कोकणच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पिपात मद्य मुरते म्हणजे लाकूड त्याला रंग, व्हॅनिलासारखा गंध आणि किंचित तुरटपणा देते, हवा आत-बाहेर होते आणि मद्याचा काही भाग दरवर्षी उडून जातो. स्कॉटलंडमध्ये या घटीला 'एंजल्स शेअर', देवदूतांचा वाटा, असे लाडिक नाव आहे. (आपल्याकडे राखणदाराला बाटली दाखवण्याची रीत असल्याने कल्पना परकी वाटू नये.) तिकडच्या थंडीत हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के असतो, बंगळुरूत तो दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. हिशेब करून पाहा. शंभर लिटरचे बारा वर्षांनी दोन टक्के घटीने सुमारे ७८ लिटर उरतात. दहा टक्के घटीने जेमतेम २८. उष्ण प्रदेशात बारा वर्षांची व्हिस्की करणे हा दिवाळखोरीचा खात्रीचा मार्ग आहे. पण त्याच उष्णतेने मुरण्याचा वेगही वाढतो. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत उतरवली. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन २०१२ मध्ये प्रथम लंडनमध्ये विकली गेली. नाशिकजवळ दिंडोरीला तयार होणारी लाँगिट्यूड ७७ ही सिंगल माल्ट २०२२ मध्ये आली. चार-सहा वर्षांत या हवेत जे साधते ते जगाने मान्य केले आहे. दमट हवेत पाण्यापेक्षा मद्यार्काची घट तुलनेने जास्त होते, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावर पीप कोठे ठेवायचे, तळघर करायचे की नाही, हे प्रश्न वेगळे असतील. पण ते प्रश्न सोडवता येण्याजोगे आहेत. गोव्यात काही उत्पादक आता फेणीही लाकडात मुरवून पाहू लागले आहेत. परंपरेने ती काचेच्या मोठ्या बरण्यांत, लाकडाचा स्पर्श न होता ठेवली जाते, आणि ओकच्या गंधाखाली बोंडू हरवेल ही जुन्या जाणकारांची भीती अगदीच निराधार नाही.

मग महाराष्ट्राने काय केले? काहीच नाही, असे म्हणता येणार नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनला सवलती दिल्या आणि नाशिकचे रूप पालटले. फळापासून मद्य करून शेतकऱ्याला भाव मिळवून देता येतो, हे या राज्यानेच सिद्ध केले आहे. पण द्राक्षामागे नाशिकचा संघटित बागायतदार होता. बोंडूमागे कोणीही नव्हते. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले यांपासून होणाऱ्या मद्याला 'देशी' या वर्गातून बाहेर काढून विदेशी मद्याचा दर्जा देण्याचे ठरवले. २०२३ च्या अर्थसंकल्पात कोकणातील काजू विकासासाठी पाच वर्षांत १,३२५ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली आणि बोंडूवरील प्रक्रियेचा उल्लेख तीत होता. कागदावर वाट मोकळी झाली. पण दर्जा बदलून भट्टी पेटत नाही. 'विदेशी' होणे म्हणजे विदेशी मद्याच्या करपट्टीत बसणे, आणि ती करपट्टी लाखो पेट्या भरणाऱ्या कारखान्यांच्या मापाने शिवलेली आहे.

जून २०२५ मधल्या निर्णयाने ती आणखी घट्ट झाली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर, निर्मितिमूल्य लिटरला २६० रुपयांपर्यंत असेल तर, त्या मूल्याच्या तिप्पट असलेले उत्पादन शुल्क साडेचारपट करण्यात आले. त्याच वेळी 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा वर्ग निर्माण झाला. १८० मिलीलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८०, या नव्या वर्गाला १४८ आणि विदेशीला २०५ रुपये. 'महाराष्ट्र मेड' हे नाव ऐकून कोणाला मोह आणि बोंडू आठवले असतील तर त्यांची निराशा व्हावी. हा वर्ग धान्याधारित मद्यासाठी आहे. धान्यापासून दारू काढण्याच्या धोरणावर याच राज्यात २००९-१० च्या सुमारास रण माजले होते, ते आता कोणाला स्मरत नसावे. ज्या फळाला दुसरा उपयोगच मिळालेला नाही ते कुजते आहे आणि जे धान्य खाता येते त्याला राज्याचे नाव मिळाले आहे.

याला विरोध करणाऱ्यांची बाजू हलकी नाही, आणि ती टाळून हा विषय मांडता येणार नाही. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. गडचिरोलीत बंदी आली ती तिथल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी दिलेल्या लढ्यामुळे. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली तेव्हा ती उठवणाऱ्यांना अवैध विक्रीचा दाखला द्यावा लागला आणि विरोधकांनी उद्ध्वस्त संसारांचा दिला. दोन्ही दाखले खरे होते. २०२२ च्या आरंभी सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय झाला तेव्हा उठलेल्या गदारोळात तो पुढे सरकला नाही. गावात परवान्याची भट्टी आली तर तिच्या आडून काय चालेल, हा प्रश्न मसुऱ्यातली गृहिणी विचारील तेव्हा तिला 'वारसा पेय' असे उत्तर देऊन भागणार नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. ती माणसे चोरट्या, तपासणी नसलेल्या दारूची बळी होती, हे जितके खरे, तितकेच हेही की परवाना आणि तपासणी यांमधले अंतर आपल्याकडे फार असते.

पण सिंधुदुर्गात आज दारू नाही, असे थोडेच आहे? वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती उघडली की आठवड्यातून एकदा तरी 'गोवा बनावटीची दारू जप्त' हा मथळा दिसतो. गोव्यात कर कमी, इथे जास्त. मधल्या फरकावर टेम्पो चालतात. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर माणसे आणि वाहने राबतात. महसूल गोव्याला, धोका आणि खटले आपल्याला, आणि या साऱ्यात काजूच्या बागायतदाराला एक दमडी नाही, असा हा विचित्र व्यवहार आहे. २०२४ च्या हंगामात काजू बीचा दर इतका पडला की राज्याला किलोमागे दहा रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. बोंडूला किलोला दोन-तीन रुपये जरी मिळाले तरी, त्याचे वजन पाहता, या अनुदानाच्या तोडीचे उत्पन्न सरकारी तिजोरीला हात न लावता उभे राहते.

त्यातच बाहेरची स्पर्धा दाराशी आली आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर झालेल्या व्यापार करारानुसार स्कॉचवरील आयात शुल्क १५० वरून ७५ टक्के आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचे आहे. भारताने २०२४ मध्ये १९ कोटींहून अधिक बाटल्यांइतके स्कॉच आयात केले होते. ते स्वस्त झाल्यावर मधल्या किमतीच्या, मळीच्या 'व्हिस्की'ला ग्राहक कशासाठी धरून राहील? टिकेल ते ज्याची नक्कल स्कॉटलंडमध्ये होऊ शकत नाही ते. मेक्सिकोने आपल्या घायपाताचे तसे करून दाखवले.

मागणी फार मोठी नाही. बोंडू दिवसभरात आंबू लागतो, म्हणून भट्टी बागेपासून तासाभराच्या अंतरात असली पाहिजे. म्हणजे एका मोठ्या कारखान्याऐवजी वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण अशा तालुक्यांत सहकारी तत्त्वावरच्या छोट्या भट्ट्या, आणि त्यांच्या मापाचे परवाना शुल्क. मुरवायला ठेवलेल्या मद्यावरील शुल्क पीप भरताना न घेता बाटली भरताना घ्यावे, आणि पिपातून उडून जाणारी घट कागदोपत्री मान्य करावी. नाहीतर न विकलेल्या आणि अस्तित्वातच नसलेल्या मद्याचा कर भरावा लागेल. प्रत्येक उताऱ्याची रासायनिक तपासणी सक्तीची हवी आणि ग्रामसभेची संमतीही हवी. भट्टीवरून सुटी विक्री अजिबात नको. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ यांसारखी वाणे बीच्या आकारासाठी निवडली. कोणत्या वाणाचा रस चांगला उतरतो, हेही तिथेच तपासता येईल.

आणि वाचकहो, तोवर गोव्याला गेलात तर एप्रिलात जा, हुर्राक तेव्हाच मिळतो. फेणी घेतलीत तर लेबलावर 'काजू' हा शब्द आणि भौगोलिक निर्देशांकाचे चिन्ह पाहा, प्लास्टिकच्या डब्यातली घेऊ नका. लहान ग्लासात थोडीशी घ्या, चार थेंब साधे पाणी घाला, बर्फ बाजूला ठेवा आणि घाई करू नका. बाटली परवान्याशिवाय बांद्याच्या अलीकडे मात्र आणू नका. नाक्यावरच्या शिपायाला तिच्या भौगोलिक निर्देशांकात रस नसतो.