देवाने शिवलेले कपडे

मे २०१८. न्यूयॉर्कच्या मेट गालाच्या पायऱ्यांवर रिहाना अवतरली ती थेट पोपच्या थाटात. अंगभर मोती-खडे आणि डोक्यावर बिशप घालतात तशी उंच टोपी! थीमच होती फॅशन आणि कॅथलिक कल्पनाविश्व. तिथल्या प्रदर्शनाला खुद्द व्हॅटिकनने चाळीसेक वस्तू उसन्या दिल्या होत्या. मला प्रश्न पडला, बॉस, धर्म आणि फॅशन यांचं तर हाडवैर ना?

होतंच. इसवी सन २००च्या आसपास कार्थेजमध्ये टर्टुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक बायकांच्या नटण्यामुरडण्यावर जाम घसरला होता. त्याचा फंडा भन्नाट. देवाला जांभळी लोकर हवी असती, तर त्याने मेंढ्याच जांभळ्या केल्या नसत्या का? दाढी कोरणारे पुरुषही त्याच्या तावडीतून सुटले नाहीत.

पण बायबल उघडलं की गंमत येते. पहिल्याच पुस्तकात आदाम-हव्वा देवाचा शब्द मोडतात, लाजतात आणि अंजिराची पानं गुंडाळतात. बागेतून हाकलण्याआधी देव स्वतः त्यांना चामड्याचे कपडे करून घालतो. शिक्षा होते, पण उघड्याने पाठवणी होत नाही. कपड्यात लाज आहे, तशी मायाही आहे.

मग गडबड कुठे होते? नव्या करारातलं याकोबाचं पत्र बरोबर तिथे बोट ठेवतं. सभेत सोन्याची अंगठीवाला आला की त्याला मानाची जागा, आणि मळक्या कपड्यातला गरीब कुठेतरी कोपऱ्यात. याकोब झापतो तो जागा देणाऱ्यांना! वाचताना मला आपली चकाचक रिसेप्शन्स आठवली. टायवाल्याला ‘सर, कॉफी?’ आणि कुरिअरवाल्या पोराला मागची लिफ्ट.

चौथ्या शतकातल्या मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाची कथा याच्या अगदी उलट. आमियां शहराच्या वेशीवर, ऐन थंडीत त्याला कुडकुडणारा भिकारी दिसला. त्याने तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. पुढे तो झगा जपून ठेवला गेला. लॅटिनमध्ये छोट्या झग्याला म्हणतात ‘कापेल्ला’. ‘चॅपेल’ हा शब्द आला तो त्यावरून. प्रार्थनेच्या जागेला नाव मिळालं ते एका कापलेल्या कपड्याचं!

तेव्हा सेल लागला की बिनधास्त जा. मीही जाणारच आहे. फक्त समोरच्याचा शर्ट बघून आपला आवाज बदलतो का, तेवढं जरा चेक करू या.