केलच्या वाफ्याला मोहरीची राखण

परसबागेत केल लावणारे वाढलेत, चांगलंय. पण पानं खायची भाजी. तिच्यावर विषारी फवारा मारून घरच्यांच्याच ताटात वाढायची, हे मला पटत नाही.

केल कोबीच्याच कुळातली. म्हणून कोबीतली जुनी शिफारस इथंही वापरा: लागणीआधी १५ दिवस कडेनं मोहरीची एक ओळ, लागणीनंतर २५ दिवसांनी दुसरी. चौकोनी ठिपक्याचा पतंग आणि मावा मोहरीकडे ओढले जातात. मात्र मोहरी पेरून विसरलात तर तीच किडीचं माहेरघर होते. अळ्या वेचा, ५ टक्के निंबोळी अर्क मोहरीवर फवारा. चार धण्याची झाडं फुलू द्या, मित्रकीटक येतील.

झेंडू टोमॅटोतल्या अळीसाठी ठीक. केलला नुसत्या झेंडूवर भागत नाही, राव!